पार्किन्सन आणि कर्करोग : एकाच घरात दोन्ही आजार असतील, तर त्यांमागे एकच जनुक असू शकते का?

कंबर_तलाव

नमस्कार मंडळी. माझ्या वडिलांना वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी पार्किन्सनचे निदान झाले. आता ते ६२ वर्षांचे आहेत, लेव्होडोपाच्या गोळ्यांवर त्यांचे बरे चालले आहे. त्यांच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे माझ्या आत्याला, ४४ व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता. उपचारांनंतर ती ठणठणीत आहे. माझ्या आजोबांनी मामाच्या मुलीशी लग्न केले होते, आणि आता घरात माझ्या बहिणीचे स्थळ याच आत्याच्या मुलासाठी ठरवण्याचे बोलणे चालू आहे.

माझे तीन प्रश्न आहेत. वडिलांचा आजार आणि आत्याचा आजार यांच्यामागे एकच जनुकीय कारण असण्याची शक्यता किती? पार्किन्सनच्या रुग्णांना कर्करोग होत नाही असे एक नातेवाईक सांगतात, तर दुसरे म्हणतात की गोळ्यांमुळे त्वचेचा कर्करोग होतो. यांतले खरे काय? आणि बहिणीच्या लग्नाचा निर्णय घेण्यापूर्वी कोणती तपासणी करून घ्यावी? आम्ही सोलापुरातच, जुळे सोलापूर भागात राहतो.

चेतापेशी

मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे. आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण ते दोन्ही नातेवाईक अर्धवट ऐकलेली गोष्ट सांगत आहेत.

डेन्मार्कसारख्या देशांत प्रत्येक नागरिकाच्या आजारपणाची राष्ट्रीय नोंद असते. अशा नोंदींवरून पार्किन्सनच्या हजारो रुग्णांचा अनेक वर्षे मागोवा घेतला गेला, तेव्हा फुप्फुस, मूत्राशय आणि मोठे आतडे यांचे कर्करोग त्यांच्यात सर्वसामान्यांपेक्षा कमी आढळले. याचे एक कारण असे की पार्किन्सनच्या रुग्णांमध्ये धूम्रपान करणारे मुळातच कमी असतात, पण ज्यांचा धूम्रपानाशी फारसा संबंध नाही असे काही कर्करोगही कमी दिसल्यामुळे एवढ्या एका कारणाने सगळा फरक उलगडत नाही. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाचे चित्र मात्र उलटे आहे. तो पार्किन्सनच्या रुग्णांमध्ये अधिक आढळतो, आणि मेलॅनोमा झालेल्यांना पुढे पार्किन्सन होण्याचे प्रमाणही अधिक असते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या २०१७ च्या अभ्यासात हा संबंध दोन्ही दिशांनी सुमारे चौपट निघाला होता.

गोळ्यांवरचा संशय जुना आहे. लेव्होडोपा हा पदार्थ शरीरात डोपामाइनचा, म्हणजे हालचालींसाठी मेंदूला लागणाऱ्या आणि पार्किन्सनमध्ये कमी पडणाऱ्या रसायनाचा, तसाच त्वचेतील मेलॅनिन या रंगद्रव्याचाही पूर्वपदार्थ आहे. त्यामुळे १९७२ मध्ये लेव्होडोपा घेणाऱ्या एका रुग्णात मेलॅनोमा उलटल्याची नोंद प्रसिद्ध झाली, तेव्हा औषधालाच दोष दिला गेला. पुढे असे दिसून आले की पार्किन्सनचे निदान होण्याच्या आधीपासूनच, म्हणजे लेव्होडोपाची एकही गोळी पोटात गेलेली नसताना, या व्यक्तींमध्ये मेलॅनोमाचे प्रमाण वाढलेले असते. त्यामुळे दोष औषधाचा नसून दोन्ही आजारांच्या सामाईक मुळाचा असावा, या मताकडे आज बहुतेक अभ्यासक झुकले आहेत. मेलॅनोमाच्या भीतीने वडिलांच्या गोळ्या कृपा करून बंद करू नका. लेव्होडोपा अचानक थांबवल्यास अंग लाकडासारखे ताठरते, तीव्र ताप येतो आणि जिवावर बेतू शकते.

शेळगी_नाका

म्हणजे धूम्रपान करणाऱ्यांना पार्किन्सन कमी होतो, असे खरेच आहे का?

विडी_घरकुल

शेळगी_नाका, आकडेवारीत तसा संबंध अनेक देशांत दिसला आहे. तरीही तो वाचून कोणी विडी हातात घेऊ नये, म्हणून हे लिहिते. माझ्या आईने सारे आयुष्य विड्या वळल्या. आमच्या वसाहतीत विड्या ओढणाऱ्यांना तोंडाचा, घशाचा आणि फुप्फुसाचा कर्करोग झालेला मी जवळून पाहिला आहे. निकोटीनची पट्टी लावून पार्किन्सन रोखता किंवा मंदावता येतो का, याची रीतसर चाचणी जर्मनी आणि अमेरिकेत झाली आणि तिच्यात काहीही फायदा दिसला नाही.

गुणसूत्र_२३

मी जनुकशास्त्र शिकवतो. ‘सामाईक मूळ’ म्हणजे नेमके काय, ते थोडे विस्ताराने मांडतो, कारण कंबर_तलाव यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यातूनच निघते.

वडिलांना इतक्या तरुण वयात आजार झाला आणि आजी-आजोबा रक्ताच्या नात्यातले होते, या दोन गोष्टी एकत्र आल्या की सर्वप्रथम पार्किन या जनुकाचा विचार करावा लागतो. ते १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी शोधले. सहाव्या गुणसूत्रावरचे हे जनुक मानवी जनुकांमधील सर्वांत लांबलचक जनुकांपैकी एक आहे. त्याच्या आई आणि वडील यांच्याकडून एकेक मिळालेल्या दोन्ही प्रती बिघडल्या, तर बहुधा चाळिशीच्या आतच पार्किन्सन होतो. पिंक-१ आणि डीजे-१ या जनुकांचाही वारसा असाच, दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात असा आहे.

पार्किनचे काम आपल्या सोलापूरच्या गिरणीत कापड तपासणाऱ्या कामगारासारखे आहे. खोट असलेल्या ताग्यावर तो खूण करतो आणि तो तागा बाजूला काढला जातो. पेशीतील तंतुकणिका, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे घटक, नादुरुस्त झाले की पिंक-१ त्याची सूचना देते, पार्किन त्यांवर खूण करते, आणि पेशी त्यांची विल्हेवाट लावते. मेंदूच्या ज्या काळसर भागात डोपामाइन तयार होते, तिथल्या चेतापेशींची ऊर्जेची गरज प्रचंड असते आणि त्या आयुष्यभर विभाजित होत नाहीत. तिथे ही साफसफाई थांबली की पेशी मरतात. पण जी पेशी विभाजित होत राहते, तिच्यात पार्किन गेले की नुकसान साचत असतानाही ती वाढतच राहते, कारण पेशी-विभाजनाला चालना देणारी काही प्रथिने वेळेवर हटवण्याचे कामही पार्किनकडे असते. पार्किन काढून टाकलेल्या उंदरांमध्ये यकृताच्या गाठी झाल्याचे जपानी संशोधकांनी दाखवले आहे. २०१० मध्ये मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमासह काही कर्करोगांच्या गाठींमध्ये याच जनुकातील बिघाड नोंदवले गेले.

डीजे-१ चा इतिहास मला याहूनही बोलका वाटतो. ते १९९७ मध्ये कर्करोगाला हातभार लावणारे जनुक म्हणून शोधले गेले, आणि २००३ मध्ये नेदरलँड्स व इटलीतील कुटुंबांमध्ये त्याच्या अभावामुळे पार्किन्सन होतो असे सिद्ध झाले. डीजे-१ पेशीला ताणापासून वाचवते. ते फार वाढले तर कर्करोगाची पेशी मरत नाही, आणि ते नसेल तर चेतापेशी जगत नाही. पिंक-१ चे नावही कर्करोगाच्या संशोधनातूनच आले, कारण गाठींना रोखणाऱ्या पीटेन या जनुकाच्या प्रभावाखाली ते सक्रिय होते. पार्किन्सनच्या मेंदूत साचणारे अल्फा-सिन्यूक्लिन हे प्रथिन मेलॅनोमाच्या पेशींतही आढळते, आणि त्वचेतील रंगपेशी व मज्जासंस्थेचा मोठा भाग गर्भावस्थेत एकाच थरातून घडतात, हे लक्षात घेतले की त्याचे आश्चर्य वाटत नाही.

आता महत्त्वाचा भेद. गाठीत सापडणारे पार्किनमधील बिघाड बहुतेक वेळा त्या गाठीतच, आयुष्यात पुढे केव्हातरी झालेले असतात. ते आईवडिलांकडून आलेले नसतात. पार्किनची एक सदोष प्रत वारशाने मिळालेल्या माणसाला केवळ त्या कारणासाठी कर्करोगाची वेगळी तपासणी आज सुचवली जात नाही. प्रयोगशाळेतला संबंध खरा आहे, म्हणून घरातल्या प्रत्येक कर्करोगाचे खापर त्यावर फोडता येत नाही.

रेशीमगाठ

गुणसूत्र_२३ यांचे विवेचन उत्तम आहे, पण नात्यातल्या लग्नांविषयीचा सूर मला खटकतो. आमच्या पद्मशाली समाजात आणि इथल्या अनेक मराठी घरांतही मामाची मुलगी, आत्याचा मुलगा ही स्थळे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. बहुसंख्य घरे निरोगी आहेत. एका घरातल्या आजारावरून पूर्ण रीतच सदोष ठरवू नये.

गुणसूत्र_२३

रेशीमगाठ, रीत सदोष आहे असे माझे म्हणणे नाही, आणि नात्यातल्या लग्नांतून जन्मलेली बहुसंख्य मुले निरोगी असतात हे आपले म्हणणे बरोबरच आहे. प्रश्न या एका घराचा आहे, आणि इथे हिशेब मांडता येतो, म्हणून तो मांडतो.

वडिलांच्या पार्किनच्या दोन्ही प्रती सदोष आहेत असे तपासणीत सिद्ध झाले, असे समजू. मग कंबर_तलाव आणि त्यांची बहीण या दोघांकडेही एकेक सदोष प्रत निश्चित आहे. एकच प्रत असल्याने त्यांना स्वतःला सहसा हा आजार होत नाही. आत्याला पार्किन्सन नाही, म्हणून तिच्याकडे एक सदोष प्रत असण्याची शक्यता तीनांत दोन, आणि तिच्या मुलाकडे ती आलेली असण्याची शक्यता तीनांत एक. या दोघांचे लग्न झाले, तर त्यांच्या प्रत्येक अपत्याला दोन्ही सदोष प्रती मिळण्याची शक्यता बारांत एक होते. बाहेरच्या घरातील वर असेल तर ती फारच अल्प राहते. मात्र आत्याच्या मुलाची तपासणी करून त्याच्याकडे ती प्रत नाही असे निघाले, तर ही चिंता जवळजवळ संपते. स्थळ मोडायलाच हवे असे कोणीही म्हणत नाही. ठरवण्याआधी दोघांनी जनुकीय समुपदेशकाकडे जावे, एवढेच.

रेशीमगाठ

बारांत एक हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही, हे मान्य आहे. मात्र तपासणीचा निकाल मुलीच्या माथी ‘खोट’ म्हणून मारला जातो, हे मी समाजात पाहिले आहे. तपासणी दोन्ही बाजूंची व्हावी आणि निकाल त्या दोघांच्या हाती द्यावा, बैठकीत वाचून दाखवू नये.

चेतापेशी

रेशीमगाठ यांच्या या सूचनेला माझा पूर्ण पाठिंबा आहे. शिवाय एक तांत्रिक बाब सांगतो. पार्किनमध्ये अनेकदा जनुकाचा मोठा तुकडाच गळालेला किंवा दुप्पट झालेला असतो, आणि केवळ अक्षरे वाचणाऱ्या साध्या तपासणीत तो निसटू शकतो. त्यासाठी एमएलपीए नावाची वेगळी चाचणी लागते. तपासणी सर्वप्रथम वडिलांची करावी, मुलांची नव्हे, कारण वडिलांमधला बिघाड कळल्याशिवाय मुलांच्या निकालाचा अर्थ लावता येत नाही.

बार्शीकर

आमच्या बार्शीत १९८७ पासून ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदणी चालते. भारतातील ही पहिली ग्रामीण नोंदणी, आणि बार्शीबरोबर परांडा व भूम हे तालुकेही तिच्यात येतात. गावोगावी जाऊन, लोकांशी बोलून रुग्ण शोधण्याची पद्धत तिथे रुजली. चेतापेशी यांनी डेन्मार्कचे उदाहरण दिले, म्हणून हे मुद्दाम लिहितो. याच पट्ट्यात पार्किन्सनच्या रुग्णांचीही अशीच नोंद ठेवली आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या, तर आपल्या माणसांविषयी आपल्याच मातीतून उत्तर मिळेल. युरोपातील निष्कर्ष आशियाला जसेच्या तसे लागू होतातच असे नाही. तैवानमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात पार्किन्सनच्या रुग्णांमध्ये तब्बल १६ प्रकारचे कर्करोग अधिक आढळले होते, म्हणजे पाश्चात्त्य चित्राच्या जवळजवळ उलट.

चेतापेशी

बार्शीकर, आपण योग्य बोट ठेवलेत. तैवानच्या त्या निष्कर्षावर बरीच चर्चा झाली आहे. जो रुग्ण वारंवार दवाखान्यात येतो, त्याचे इतर आजारही लवकर पकडले जातात, हे त्यामागचे एक संभाव्य कारण आहे. जनुकीय जडणघडणीतला फरक हे दुसरे. म्हणूनच ‘पार्किन्सन आहे, कर्करोग होणार नाही’ असे मानून कोणीही तोंडाची, स्तनाची किंवा गर्भाशयमुखाची नेहमीची तपासणी टाळू नये.

भीमाकाठ

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. मेलॅनोमाविषयी वाचून अनेक जण उन्हाची भीती घेतील, आणि सोलापूरच्या चव्वेचाळीस अंशांत ती स्वाभाविक आहे, म्हणून आपल्याकडचे चित्र स्पष्ट करते.

गोऱ्या कातडीच्या लोकांमध्ये मेलॅनोमा प्रामुख्याने उन्हाने भाजलेल्या त्वचेवर होतो. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत तो मुळात विरळ आहे, आणि होतो तेव्हा बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, जिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो. गायक बॉब मार्ली १९८१ मध्ये ज्या कर्करोगाने गेले, तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झालेला मेलॅनोमाच होता. आपल्याकडचा शेतकरी तळपायावरचा काळा डाग भोवरी समजतो, किंवा काटा मोडून राहिला असेल असे म्हणून ब्लेडने कोरत बसतो, आणि तोपर्यंत आजार जांघेतल्या गाठींपर्यंत पोहोचलेला असतो.

पार्किन्सनच्या रुग्णाला स्वतःचे तळपाय वाकून पाहणे अवघड जाते, त्यामुळे हे काम घरच्यांनी करावे. महिन्यातून एकदा, पाय धुऊन कोरडे केल्यावर, दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या आणि नखे उजेडात पाहावीत. वाढत जाणारा, कडा वेड्यावाकड्या असलेला किंवा एकाच डागात वेगवेगळ्या छटा असलेला डाग, न भरणारी जखम, आणि एकाच नखात नव्याने उमटून रुंद होत जाणारी काळी रेघ, विशेषतः रेघेचा रंग नखालगतच्या कातडीत उतरला असेल, तर ताबडतोब दाखवावे. अनेक नखांमध्ये वर्षानुवर्षे तशाच असलेल्या फिकट रेघा सावळ्या माणसांत नेहमीच्या असतात. त्यांनी घाबरू नये. पायाला मेंदी किंवा नखांना रंग असेल तर तो उतरल्यावर पाहावे.

शेळगी_नाका

माझे चुलते पार्किन्सनसाठी खाजकुहिलीच्या बियांचे चूर्ण घेतात. ते नैसर्गिक असल्यामुळे त्यात या गोळ्यांचा धोका नाही, असे त्यांना वाटते.

चेतापेशी

खाजकुहिलीच्या बियांमध्ये लेव्होडोपाच असतो. गोळीत तो किती आहे हे ठाऊक असते, चूर्णात ते प्रमाण बदलत राहते. गोळ्या आणि चूर्ण दोन्ही घेतले की मात्रा दुप्पट होऊन अंगाला वळवळ सुटणे, भास होणे, उभे राहताच रक्तदाब घसरणे असे त्रास होतात. चुलत्यांनी चूर्णाचा डबाच डॉक्टरांना नेऊन दाखवावा.

पाऊल_पुढे

एका गोष्टीकडे लक्ष वेधते. इतका वेळ सर्वांनी वडिलांविषयी लिहिले, पण आत्याला ४४ व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला, याकडे फारसे कोणी वळले नाही. पार्किन्सनच्या लार्क-२ या जनुकाचा स्तनाच्या कर्करोगाशी संबंध आहे असे मी वाचले आहे. तो इथे लागू होतो का?

गुणसूत्र_२३

पाऊल_पुढे, आपण मूळ प्रश्नाकडे आणलेत, हे फार चांगले झाले. लार्क-२ मधील जी२०१९एस हा बदल उत्तर आफ्रिकेतील अरब-बर्बर आणि अश्केनाझी ज्यू समाजांत मोठ्या प्रमाणात आढळतो. तो असलेल्या पार्किन्सन-रुग्णांमध्ये काही कर्करोग, त्यांतही स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग, अधिक असल्याचे अनेक देशांतील रुग्णांच्या एकत्रित अभ्यासात २०१५ मध्ये दिसले. पण भारतीय रुग्णांमध्ये हा बदल अत्यंत विरळ आहे. शिवाय लार्क-२ ची एकच प्रत बिघडली तरी आजार होऊ शकतो आणि तो बहुधा उतारवयात होतो, त्यामुळे वडिलांचे तरुण वय आणि आजोबांचे नात्यातले लग्न यांच्याशी त्याचा मेळ बसत नाही.

माझे मत असे आहे की या घरात दोन वेगळी कारणे असण्याची शक्यता अधिक आहे. स्तनाचा कर्करोग भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे, आणि तो पार्किन्सन असलेल्या घरात केवळ योगायोगानेही येऊ शकतो. तरीही तो पन्नाशीच्या आत झाला असल्यामुळे बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही, बिघडल्यास स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारी, जनुके तपासणे योग्य ठरेल. या जनुकांचा पार्किन्सनशी संबंध नाही, आणि ही तपासणी आत्यापासूनच सुरू व्हावी. तिच्यात बदल सापडला, तर तिच्या मुलाकडे तो असण्याची शक्यता निम्मी, आणि वडिलांमार्फत कंबर_तलाव व त्यांच्या बहिणीकडे येण्याची शक्यता प्रत्येकी पाव. इथे एकच सदोष प्रत पुरेशी असते आणि पुरुषही ती पुढे देतात, म्हणून लग्नाच्या विचारात हा निकाल पार्किनइतकाच, माझ्या मते त्याहून अधिक, महत्त्वाचा आहे.

कंबर_तलाव

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री ही सर्व उत्तरे मी घरात वाचून दाखवली. वडील प्रथम तपासणीला तयार झाले, आणि आत्यानेही स्वतःहून होकार दिला. दोन्ही निकाल येईपर्यंत स्थळाचे बोलणे थांबवायचे असे ठरले. बहिणीची अट एकच आहे, आणि ती रेशीमगाठ यांच्या म्हणण्याशी जुळते: निकाल आधी तिला आणि आतेभावाला एकत्र सांगायचे, मग घरच्यांना. आज सकाळी वडिलांचे तळपाय पाहिले. डाव्या टाचेवर एक जुना डाग आहे. तो वाढल्याचे कोणाला आठवत नाही, तरीही पुढच्या आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवणार आहोत.

भीमाकाठ

जरूर दाखवा. त्या डागाचे शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्या आणि त्यावर तारीख लिहा, म्हणजे पुढच्या वेळी तुलना करता येईल.

विडी_घरकुल

आणखी एक सूचना, ही माझ्या सासऱ्यांच्या आजारपणातून लिहिते, कारण त्यांना पार्किन्सन असताना आतड्याचा कर्करोग झाला. केमोथेरपीच्या वेळी उलटी थांबवण्यासाठी त्यांना मेटोक्लोप्रामाइड दिले गेले, आणि त्यांचे हातपाय इतके ताठरले की पेलाही धरता येईना. मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन ही औषधे डोपामाइनला अडवतात, असे आम्हाला नंतर मेंदूविकारतज्ज्ञांनी सांगितले आणि ऑनडॅनसेट्रॉन लिहून दिले. पार्किन्सनच्या रुग्णाला कोणत्याही रुग्णालयात नेताना टाळायच्या औषधांची यादी मराठीत आणि इंग्रजीत लिहून त्याच्या फाईलच्या पहिल्या पानावर चिकटवावी, आणि लेव्होडोपाच्या वेळाही तिथेच लिहाव्यात.

चेतापेशी

विडी_घरकुल यांची सूचना अगदी योग्य आहे. त्या यादीत हॅलोपेरिडॉलचेही नाव लिहा. रुग्णालयात रात्री गोंधळलेल्या वयस्कर रुग्णाला ते अनेकदा दिले जाते.